खुबा बदलला, तोल शिकायचा राहिला

खुब्याचा सांधा बदलल्यावर वेदना लवकर जाते. वर्षानुवर्षे कूस बदलताना कळ सोसणारा माणूस आठवडाभरात सांगू लागतो की आतली ती ठणक गेली, आता आहे ते टाक्यांचे दुखणे. पुढे वॉकर सुटतो, दोन-तीन महिन्यांत काठी कोपऱ्यात जाते आणि घरचे म्हणतात, झाले, बरा झाला. माझे म्हणणे असे की इथे काम अर्धेच झालेले असते. चालता येणे आणि तोल सांभाळता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली बहुतेकांना थोड्याफार प्रयत्नाने मिळून जाते. दुसरी शिकावी लागते, तिला महिनोन्‌महिने लागतात आणि ती शिकवायला आपल्या व्यवस्थेत जागाच ठेवलेली नाही.

सोलापुरात खुबा बदलून घेणारे साधारण दोन वाटांनी येतात. एक वाट म्हाताऱ्या माणसांची: न्हाणीघरात पाय घसरला, मांडीच्या हाडाची मान मोडली, ‘बॉल बदलावा लागेल’ असे सांगण्यात आले. दुसरी वाट चाळिशी-पन्नाशीतल्यांची, कधी त्याहूनही तरुणांची: ‘बॉल सुकला’. म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला आणि गोळा हळूहळू खचला. स्टेरॉइडची औषधे, दारू, जुनी दुखापत, सिकलसेल ही त्याची ओळखीची कारणे. कित्येकदा कारण सापडतही नाही. पाश्चात्त्य देशांत खुबा बदलण्याचे मुख्य कारण म्हातारपणीची झीज हे आहे. आपल्याकडे गोळा सुकणे या कारणाचा वाटा फार मोठा आहे. कोविडच्या उपचारात स्टेरॉइड घेतलेल्या तीन रुग्णांमध्ये पुढे हाच विकार दिसल्याची नोंद २०२१ साली माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली, तेव्हा या दुखण्याचे नाव घरोघरी पोचले.

हा फरक तोलाच्या विचारात महत्त्वाचा आहे. पंचाहत्तरीच्या आजींना देवघरापासून न्हाणीपर्यंत न पडता जाता आले की पुष्कळ साधले. पंचेचाळिशीच्या यंत्रमाग कामगाराला मात्र दोन मागांमधल्या चिंचोळ्या बोळातून आठ-दहा तास वळत राहायचे असते, दुचाकी स्टँडवर लावायची असते, आणि हे पुढची वीस वर्षे करायचे असते. दोघांच्या हातात एकच छापील व्यायामपत्रिका दिली जाते, हे मला मान्य नाही.

एका पायाचे गणित

आपण दोन पायांवर चालतो असे वाटते, पण नीट पाहिले तर चालणे म्हणजे आळीपाळीने एका पायावर उभे राहणे. एक पाय हवेत असतो तेव्हा कंबरेचे हाड त्या बाजूला कलंडायला बघते. ते कलंडू नये म्हणून टेकलेल्या पायाच्या खुब्याबाहेरचे स्नायू ते ओढून धरतात. त्यांतला मुख्य म्हणजे ग्लुटिअस मीडिअस. ही ओढ किती लागते याचा हिशेब जर्मन शल्यविशारद फ्रीडरिश पाउवेल्स यांनी १९३५ च्या सुमारास मांडला आणि आजही तोच पाया धरला जातो.

६० किलोचा माणूस घ्या. टेकलेला पाय वगळला तर खुब्यावर तोलायचे वजन साधारण ५० किलो. या वजनाचा मध्य खुब्यापासून सुमारे १० सेंटिमीटर आत असतो आणि स्नायूची ओढ खुब्यापासून फक्त ५ सेंटिमीटर बाहेर. म्हणून स्नायूला दुप्पट, म्हणजे १०० किलोची ओढ लावावी लागते. वरचे ५० आणि ही १०० मिळून सांध्यावर १५० किलो पडतात. साध्या चालीत शरीराच्या अडीचपट! बर्लिनच्या गेओर्ग बेर्गमान यांनी कृत्रिम सांध्यातच मापक बसवून प्रत्यक्ष मोजमाप घेतले तेव्हा चालतानाचा आकडा याच्या आसपासच निघाला. ठेच लागून अडखळताना मात्र तो शरीराच्या वजनाच्या आठपटीवर गेल्याचे आढळले. पडता पडता सावरणे सांध्याला किती महाग पडते ते यावरून कळावे.

याच गणितातून काठीचा नियम निघतो. काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरायची. उजवा खुबा बदलला असेल तर डाव्या हातात. तिथून खुब्यापर्यंतचे अंतर ४० सेंटिमीटरच्या घरात असते, त्यामुळे काठीवर नुसता ५ किलो भार दिला तरी स्नायूचे काम १०० वरून ६० किलोवर येते आणि सांध्यावरचे ओझे १५० वरून साधारण १०५ वर. हेच ५ किलो दुखऱ्या बाजूच्या काठीवर दिले तर काठी खुब्याच्या अगदी जवळ पडते आणि हा लाभ जवळपास नाहीसा होतो. तरी रस्त्याने जाणारे निम्मे लोक काठी दुखऱ्या बाजूलाच धरताना दिसतात, कारण ‘दुखतंय तिथे आधार’ ही समजूत फार घट्ट आहे. अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ साली, आधुनिक खुबा यायच्या आधीच, काठी फेकू नका अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला होता. लाज वाटते म्हणून काठी लवकर सोडणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की लंगडत बिनकाठीचे चालण्यापेक्षा काठीने सरळ चालणे कधीही बरे. लंगडण्याची सवय एकदा मेंदूत बसली की स्नायूत जोर आल्यावरही ती सुटत नाही.

शस्त्रक्रियेत काय हरवते, काय उरते

आजच्या खुब्याचे मूळ इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात आहे. जॉन चार्नली यांनी टेफ्लॉनची वाटी वापरून पाहिली, ती झिजली. मग नोव्हेंबर १९६२ मध्ये त्यांनी दाट पॉलिथिलीनची वाटी आणि धातूचा गोळा बसवला. तो गोळा अवघा २२ मिलिमीटरचा होता. हल्ली ३२ किंवा ३६ मिलिमीटरचे गोळे सर्रास वापरतात. गोळा मोठा असला की वाटीतून निसटायला त्याला जास्त अंतर जावे लागते, म्हणून सांधा निखळण्याचा धोका कमी होतो. ‘लॅन्सेट’ने २००७ साली या शस्त्रक्रियेला शतकातील शस्त्रक्रिया म्हटले ते काही उगाच नव्हे.

पण सांध्यापर्यंत पोचायचे तर कुठून तरी वाट काढावीच लागते. मागच्या बाजूने गेले तर बाहेरचे तोल धरणारे स्नायू बहुतांशी शाबूत राहतात. पाय बाहेर वळवणारे छोटे स्नायू कापून परत शिवावे लागतात. तिथे पाय फार वाकवला, आत वळवला किंवा दुसऱ्या पायावर आडवा टाकला तर सांधा मागे निसटायची भीती असते. बाजूने गेले तर निखळण्याची भीती कमी, पण ग्लुटिअस मीडिअसचाच काही भाग सोडवून पुन्हा शिवलेला असतो, म्हणून लंगड जास्त दिवस राहू शकते. पुढच्या बाजूने गेले तर स्नायूंच्या फटीतून जाता येते. रुग्णाला यातले बारकावे कळण्याची गरज नाही, पण ‘माझी शस्त्रक्रिया कोणत्या बाजूने झाली?’ हा प्रश्न त्याने विचारलाच पाहिजे. बाजूने झाली असेल तर कुशीवर झोपून पाय वर उचलण्याचा व्यायाम शिवलेला स्नायू जुळेपर्यंत थांबवावा लागतो. शेजाऱ्याला सांगितलेला व्यायाम आपल्याला चालेलच असे नाही.

आता तोलाच्या मुळाकडे येऊ. मेंदूला शरीराची बित्तंबातमी तीन वाटांनी कळते: डोळे, आतल्या कानातली तोलयंत्रणा, आणि तळपाय, स्नायू व सांधे यांतून येणारी स्थितीची जाणीव. खुब्याच्या पिशवीत, म्हणजे सांध्याभोवतीच्या वेष्टनात अशा जाणिवेच्या मज्जातंतूंची टोके असतात आणि शस्त्रक्रियेत या पिशवीचा बराच भाग काढला जातो. मग पाय कुठे आहे हे रुग्णाला कळायलाच नको. ग्रिग आणि सहकाऱ्यांनी १९७३ साली नेमके हेच तपासले. पिशवी काढलेल्या रुग्णांनाही आपला पाय किती वळला आहे ते चांगले सांगता येत होते. म्हणजे ही जाणीव मुख्यतः स्नायूंतून येते. मला ही या सगळ्या विषयातली सर्वांत आशादायक गोष्ट वाटते, कारण पिशवी परत आणता येत नाही, स्नायू मात्र कमावता येतात.

मग रुग्ण डगमगतो का? एक कारण स्नायूंचा अशक्तपणा. दुखणे सुरू झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत बहुतेकांची काही वर्षे गेलेली असतात आणि तेवढ्या काळात बाहेरचा स्नायू वाळून गेलेला असतो. नवा सांधा बसवल्याने तो भरून येत नाही. शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दोन वर्षांनीही त्या बाजूची ताकद दुसऱ्या बाजूपेक्षा कमी असल्याचे अभ्यासांत वारंवार दिसले आहे. दुसरे कारण सवय. दुखऱ्या पायावर भार द्यायचा नाही हे मेंदू इतके पक्के शिकलेला असतो की दुखणे गेल्यावरही तो त्या पायावर विश्वास ठेवत नाही.

ही गोष्ट घरच्या घरी पाहता येते. दोन वजनकाटे शेजारी ठेवा, प्रत्येकावर एक पाय, आणि खुर्चीतून उठा. आकडे दुसऱ्याने वाचायचे, कारण मान खाली घातली की भार सरकतो. काटे ३०-३० दाखवण्याऐवजी ३६-२४ दाखवतात असे समजा. त्या माणसाला विचारले तर तो शपथेवर सांगेल की मी दोन्ही पायांवर सारखाच उठलो. जाणिवेतली ही तफावत डोळ्यांना दाखवली की ती कमी करता येते: काट्याकडे बघत, २४ चे २६, २६ चे २८ करत. नुसते ‘नीट उठा’ म्हणून ती जात नाही.

सराव

संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. बाराबंदी घातलेला भक्त ती उंच काठी उभी पेलून चालतो. ते बळाचे काम आहे, पण नुसत्या बळाचे नव्हे. वर काठी किंचित कलली की खाली कंबर आणि पाय तत्क्षणी सरकले पाहिजेत, आणि म्हणूनच यात्रेच्या कितीतरी आधीपासून सराव चालतो. आपले उभे शरीरही असेच आहे: उंची मोठी, बूड लहान, सतत कलणारे आणि सतत सावरले जाणारे. हलका कल घोट्यातून सावरला जातो, मोठा कल खुब्यातून, आणि त्याहून मोठा असेल तर पाऊल टाकावे लागते. खुबा बदललेल्याची यातली मधली पायरी कच्ची असते. पलंगावर पडून केलेल्या व्यायामाने स्नायूत जोर येतो, पण कलणे-सावरणे उभे राहूनच शिकावे लागते.

शल्यविशारदाने पूर्ण भार द्यायला परवानगी दिली की हा सराव सुरू करावा. जागा स्वयंपाकघराचा ओटा. ओट्याकडे तोंड, दोन्ही हात टेकलेले, मागे खुर्ची, शेजारी माणूस. बदललेल्या खुब्याच्या पायावर उभे राहून दुसरा पाय बोटभर उचलायचा. मागे उभे असलेल्याने फक्त नाडीची किंवा परकराच्या कडेची रेघ पाहायची. उचललेल्या बाजूला ती रेघ खाली गेली तर स्नायू कमी पडतो आहे. १८९५ साली ट्रेंडेलेनबुर्ग यांनी वर्णन केलेली खूण ती हीच. रेघ सरळ राहते पण अख्खे धड दुखऱ्या बाजूला झुकते, तर तीही लबाडीच: शरीर वजन सांध्यावर आणून स्नायूचे काम वाचवते आहे. रेघ सरळ आणि धड सरळ, असे दहा सेकंद साधले की एक हात सुटतो, मग दुसऱ्याची बोटेच टेकलेली राहतात. महिन्याभराने बोटेही नकोत.

मग ओट्याला धरून बाजूला चालणे. मग शहाबादी फरशीच्या सांध्याच्या रेघेवर टाचेपुढे टाच ठेवत चालणे. उलटे चालणेही हवे, कारण दुखण्याच्या काळात पाय मागे जायची सवय मोडलेली असते आणि पाऊल त्यामुळेच आखूड पडते. वळण्याचा सराव तर सगळ्यांत दुर्लक्षित. बदललेल्या पायावर गिरकी घ्यायची नाही, चार लहान पावलांत वळायचे. मागवाल्यांनी हे कारखान्यात जायच्या आधी घरी दोन खुर्च्यांमधल्या बोळात घोटून घ्यावे.

शेवटी बोलता बोलता चालणे. स्वीडनमध्ये १९९७ साली लुंडिन-ओल्सन यांनी वृद्धांचे निरीक्षण केले. चालताना कुणी बोलायला लागले की जे थांबत, त्यांतले बहुसंख्य पुढच्या सहा महिन्यांत पडले. ज्याला चालण्यासाठी सगळे लक्ष द्यावे लागते, त्याचा तोल अजून आपसूक झालेला नाही. नवीपेठेच्या गर्दीत त्याला एकट्याने पाठवू नये.

पाय लांब झाल्यासारखा वाटतो, ही तक्रार पहिल्या काही महिन्यांत हमखास येते. कधी तो खरोखर थोडा लांब झालेला असतो, पण पुष्कळदा आखडलेल्या स्नायूंनी कंबर तिरकी धरलेली असते. घाईने चपलेत उंचवटा घालून घेतला की ती तिरकी कंबर कायमची होते. काही महिने ताणाचे व्यायाम करून मगच मोजमाप घ्यावे.

जमिनीवरचे सोलापूर

पाश्चात्त्य पुस्तकातला रुग्ण खुर्चीवर बसतो. आपला जमिनीवर. इथल्या हजारो बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. जेवण, पूजा, भजन सगळे खाली बसून. मांडी घालताना खुबा वाकतो आणि बाहेर वळतो. उकिडवे बसताना तो नव्वद अंशांच्या बराच पुढे वाकतो. मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झालेल्यांना पहिले काही आठवडे ते वर्ज्यच असते. पुढे गोळ्याचा आकार, वाटीचा कल आणि ऊतींची स्थिती पाहून शल्यविशारद कुणाला परवानगी देतात, कुणाला देत नाहीत. विडी कामगार बाईने सूप टेबलावर घ्यावे, खुर्ची गुडघ्यापेक्षा उंच असावी, दर अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीत. मजुरी विड्यांच्या संख्येवर मिळते, तिथे हे सांगणे सोपे आणि करणे अवघड आहे हे मान्य करूनच मी सांगतो आहे.

जमिनीवरून उठण्याचा प्रश्न मात्र परवानगीवर सोडता येत नाही. माणूस कधी ना कधी खाली पडणार किंवा बसणार, आणि उठता आले नाही तर तासन्‌तास पडून राहणार. योग्य वेळी फिजिओथेरपिस्टने स्टुलाला धरून जमिनीवरून उठायला शिकवलेच पाहिजे.

घरातल्या पडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: ओली न्हाणी, उंबरा, दुमडलेल्या सतरंजीची कड, जमिनीवर लोळणारी चादर, रात्रीचा अंधार. अंधारात डोळ्यांची वाट बंद होते. मधुमेहाने किंवा बी-१२ च्या कमतरतेने तळपाय बधिर झाले असतील तर तिसरीही बंद. अशा माणसाला नवा खुबा कितीही चांगला बसवला तरी तो रात्री लघवीला उठताना पडू शकतो. म्हणून मोतीबिंदू, साखर, बी-१२ आणि चक्कर आणणाऱ्या झोपेच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या यांची तपासणी हा खुब्याच्या उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

पंढरपूर जिल्ह्यातच असल्याने ‘आषाढीला चालत जाता येईल का?’ हा प्रश्न इथे नेहमी निघतो. चालण्याला सांध्याची ना नसते. अडचण असते ती गर्दीतल्या धक्क्याची, चिखलाची, मुक्कामी जमिनीवर झोपण्या-उठण्याची आणि उकिडव्या शौचाची. आधाराशिवाय बदललेल्या पायावर दहा सेकंद सरळ उभे राहता येत नसेल तर त्या वर्षी वारी गाडीने करावी, असे मी म्हणेन.

तारखा लिहून द्या

राजीव गांधी जीवनदायी योजनेच्या २०१२ च्या पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत सोलापूर होते. तीच आज महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे आणि तिच्यात खुबा प्रत्यारोपणाचा समावेश झाला आहे. ज्यांना हा सांधा परवडलाच नसता त्यांना तो मिळतो, हे फार मोठे काम आहे. पण योजनेतला पाठपुरावा घरी सोडल्यापासून १० दिवसांचा. १० दिवसांत टाकेही धड निघत नाहीत. तोलाचा सराव सुरू व्हायला अजून महिना असतो. अक्कलकोट, मंगळवेढा, करमाळ्याहून आलेला रुग्ण एकदा गावी गेला की तो लंगडतो आहे की नाही हे कुणीच पाहत नाही, आणि दुखत नाही म्हणून तोही परत येत नाही.

खर्चिक यंत्रे यासाठी लागत नाहीत. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला १२ सेकंद किंवा अधिक लागले तर वृद्ध माणसाला पडण्याचा धोका धरावा. ही चाचणी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मोबाइलच्या घड्याळावर होते. एका पायावर उभे राहण्याला तर तेवढेही लागत नाही. रुग्णालयांनी घरी सोडतानाच्या कार्डावर औषधांच्या खाली चार तारखा लिहाव्यात: सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष, आणि प्रत्येक तारखेला या दोन चाचण्यांचे आकडे भरावेत. शासनाने योजनेच्या पॅकेजात या चार भेटींचा खर्च धरावा. आणि ज्यांच्या घरी खुबा बदललेले माणूस आहे त्यांनी कार्डावर तारखा नसतील तर आपणच डॉक्टरांकडून मागून घ्याव्यात.